आकस

शौकत मिस्त्रींनी किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवला,
विजारीला पुसून टेबलावर ठेवला.
"आठ जीबीचा हाय. चालंल न्हवं?"
चालेल, म्हटलं, पण यावरचं सगळं जाईल.
"जाऊ दे की. भाचीच्या लग्नाची यादी हाय, आचाऱ्याची.
तिचं पोरगं आता बालवाडीत जातंय."

उद्यमनगरात सकाळपासून वीज दोनदा गेलेली.
खाली लेथवर कुणी बुश घासत होतं,
वर माझ्या बरणीतले स्क्रू बारीक थरथरत होते.
मिस्त्रींचा कॉम्प्युटर काळा पडून,
पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ:
चालू करण्याजोगं काही सापडलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं,
धडधाकट आहे तोवर असा एक करून ठेवा.
"चालत्या गाडीला कशाला ढकलायचं, ताई?"
आता माझ्या यंत्रावर करावा लागला.
विहिरीत पडलेल्याला स्वतःचा दोर वळता येत नाही.

होय दाबलं.
बत्तीस किलो बासमती, दोन डबे तेल,
गेलं सगळं.
हिरवी पट्टी सरकताना मिस्त्री बघत राहिले
भट्टीतला रस बघावा तसे, डोळे बारीक करून.

"एवढ्याशात माझी समदी ड्रॉइंगं?"
नाही. ड्रॉइंगं बाहेरच्या डिस्कवर, पायगोंडाने ठेवलेली.
हा फक्त यंत्राला उठवणार, आणि डिस्कपर्यंत नेणार.
जरा थांबले.
"म्हंजे फर्मा माळ्यावर हाय, पर चढायला शिडी न्हाई.
ही शिडी."
पाच वर्षं गिऱ्हाइकांना समजावतेय मी,
इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

एफ बारा. चुकलं. पुन्हा एफ बारा.
डिस्क दिसेना. केबल बदलली, दिसली.
यादीत एकच तारीख: अकरा मार्च, मंगळवार.
"त्याच्या फुडचं?"
पुढचं कुणी ठेवलंच नाही.
पायगोंडा त्याच आठवड्यात चाकणला गेला,
पंपाच्या बॉडीवरून भांडून,
दीड मिलिमीटरवरून, म्हणतात.
मी विचारलं नव्हतं.

साडेतीन तास लागले. दोनदा चहा,
एकदा मिस्त्री नमाज पढून आले, डोक्यावर टोपी तशीच.
पेनड्राइव्ह काढला तेव्हा चटका बसेल इतका तापला होता.

यंत्र उठलं ते मंगळवारी.
पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी:
काका, या बॅचचं बीड थंड होताना जास्त आकसतंय.
पॅटर्न दीड मिमी वाढवून काढलाय.
आधी बघा, मग बोला.

मिस्त्रींनी आधी बोलून घेतलं होतं.

खिशातून पितळी पट्टी काढली,
आकस धरून आखलेली, वडिलांच्या हातची,
आणि सरळ पडद्यावर लावली.
पडद्यावर माप लागत नसतं.
मी बरणीचं झाकण घट्ट करत बसले.
"बराबर हाय त्याचं," म्हणाले, पट्टीलाच.

मग पेनड्राइव्हला सुतळी बांधली, गाठीत चिठ्ठी,
लाल रंगात नंबर घालून माळ्यावर टांगणार म्हणाले,
फर्म्यांच्या रांगेत, कोरड्या बाजूला.
"आनि असाच दुसरा एक कर. चाकणला धाडायचा."
दुसऱ्याच्या यंत्रावर त्याचा काय उपयोग?
पण मी कोरा पेनड्राइव्ह घेतला, पाकीट घेतलं,
पत्ता विचारला.

कुठेही न अडखळता सांगितला त्यांनी,
खोली नंबर, मागचा जिना,
आणि खालच्या पिठाच्या गिरणीसकट.