रेघ वर

अस्नोड्याहून सकाळच्या कदंबमध्ये
मी पोतं मांडीवर घेऊन बसते.
उकड्या तांदळाचं पोतं, आत तेरा पुस्तकं.
कंडक्टर विचारतो, बाई, ह्याचं तिकीट?
मी म्हणते, आजारी आहेत. अर्धं लाव.

म्हापशाला, मासळीबाजाराच्या मागल्या गल्लीत
पास्कू बाइंडर.
भांड्यात खळ, खळीत मोरचूद,
म्हणून त्याची नखं कायम निळसर.
दोऱ्याला चोळायला मेण:
कपेलातल्या मेणबत्त्यांचे उरलेले बुडखे,
एस्पेरांसबाय दर सोमवारी पदरमोड न करता आणून देते
आणि वर चहा पिऊन जाते.
त्याच मेणाच्या दोऱ्यानं त्यानं
आमची सप्ताहाची पोथी शिवली.
बावीस श्रावण ती वाचली गेली.
पान सुटलं नाही, देव रुसला नाही,
आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

पास्कूला पोर्तुगीज येतं, रोमी कोंकणी येतं.
देवनागरी नाही.
पहिल्या खेपेला पान हातात धरून
आरसा फिरवावा तसं फिरवत राहिला.
मी म्हटलं, रेघ वर.
अक्षरं रेघेला लोंबतात.
'कपडे सुकत घातल्ले कशे,' तो म्हणाला
आणि त्यानंतर कधी चुकला नाही.
आकड्यांसाठी मी कोपऱ्यात पेन्सिलीनं
त्याला कळतील असे आकडे घालून देते.

त्या वर्षी पोत्यात होतं:
वाळवीनं किनार कातरलेलं एक संतचरित्र,
गावकरीच्या हिशेबाची वही (भात किती, नारळ किती,
कोण बांधावर आला नाही),
नदीपलीकडे गेलेल्या देवळांचा इतिहास,
आणि आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या कविता,
स्वखर्चानं छापलेल्या, पाचशे प्रती,
त्यातल्या चारशे अजून त्यांच्या माळ्यावर
सुपाऱ्यांच्या करंड्यांशेजारी.
मास्तर गेले. करंड्या विकल्या गेल्या.

केंकरे फक्त इतिहास वाचतात.
कवितांच्या कपाटासमोरून जाताना
चप्पलसुद्धा जोरात वाजवतात.
एका संध्याकाळी ते पुस्तक घेऊन आले,
टेबलावर ठेवलं, पण हात उचलला नाही.
'सत्तराव्या पानावर,' ते म्हणाले,
'लोक रात्री मूर्ती होडीत घालतात.
नाळेवर कांबळं, वल्ह्याला चिंध्या, आवाज नको म्हणून.
पान उलटलं,
तर पलीकडच्या काठाला
कुणीतरी आईच्या पायांतल्या भेगांवर लिहिलंय.'

मी पाहिलं. मास्तरांचं पान.
मेणाच्या दोऱ्यात पक्कं बसलेलं,
जणू तिथंच जन्मलं.
चूक माझी: माझा एक आणि सात सारखेच दिसतात.

'काढून घेते,' मी म्हटलं.
केंकरे काही बोलले नाहीत.
खिशातून वाचक-कार्ड काढलं,
पुस्तक पुन्हा स्वतःच्या नावावर चढवलं.
मग पंधरा दिवसांनी पुन्हा.
मग पुन्हा.
इतिहास त्यांचा केव्हाच वाचून झाला होता.

चैत्रात मी पास्कूला सांगायला गेले.
त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला,
सुई आता एस्पेरांसबाय ओवून देते.
त्यानं सगळं ऐकलं,
निळ्या बोटांनी खळ ढवळत.
'रेग वयर आशिल्ली न्ही?'
होती, मी म्हटलं.
'मागीर कितें?'
आणि पुढचं पुस्तक मागितलं.

केंकरे गेल्या मार्गशीर्षात गेले.
पुस्तक त्यांच्या सुनेनं आणून दिलं,
सत्तराव्या पानाशी बसचं एक तिकीट.
ते मी तिथंच राहू दिलंय.

मास्तरांच्या संग्रहात एक पान कमी आहे.
वार्षिक नोंदवहीत मी तसं लिहिलं आहे,
तारखेसकट, सहीसकट.
अजून कुणी तक्रार केलेली नाही.