वाऱ्याला विचारून सांगतो

ऑक्टोबर संपला की माझा फोन
टेबलावर थरथरत कडेपर्यंत सरकतो.
फोंटानातलं हे ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची खोली.
खिडकीतून गोदामांची छपरं दिसतात, पांढरी, सपाट,
पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत.
पूर्वी इथे द्राक्षं होती म्हणतात.
आता दारं आहेत, एकेका भिंतीला शंभर,
आणि प्रत्येक दाराला नेमून दिलेली वेळ.

वेळ चुकली की दार चुकलं.
दार चुकलं की नाताळ चुकला.

मरिसेला कुत्र्यांसाठी गाद्या शिवते,
घाटाच्या वर, हेस्पेरियात,
दोन नणंदा आणि एक उसनं मशीन घेऊन.
आपल्या गॅरेजात, आणि जागा संपली तेव्हा
शेजाऱ्याच्याही गॅरेजात
रचून ठेवलेली बावीस पॅलेट.
ट्रक छतापर्यंत भरतो, वजनकाटा जेमतेम हलतो.
गुरुवार, पहाटे साडेपाच, दार सत्त्याऐंशी.
त्यानंतरची मोकळी वेळ थेट अकरा दिवसांनी.

माझं काम एवढंच: कोणाचा ट्रक.

पहिली कंपनी मोठी.
तिच्या दराला शेपट्या फार:
हंगामाचे इतके, डिझेलचे इतके,
दारात ताटकळलो तर तासाचे इतके.
सगळं वजा जाता मरिसेलाच्या हाती
गादीतला कापूस तेवढा राहत होता.

दुसरा गेल्या महिन्यात उगवलेला,
नाव मात्र तिसरं.
निम्मा दर.
विमा आहे? हो.
गॅरेजला धक्का नाही, मागे लिफ्ट लागेल. हो.
पहाटे साडेपाच म्हणजे साडेपाच. हो, हो.
मी वैतागून विचारलं, ट्रकला पंख आहेत?
हो, म्हणाला,
पण त्याचे वेगळे पडतील.

तिसरा एलिसेओ बारागान.
एकच ट्रक, हप्ते फिटलेला.
फोन उचलतो तेव्हा आधी त्याचा रेडिओ ऐकू येतो,
हवामान सांगणारी बाई, मग तो.
काय घेशील?
"ते बघू. वाऱ्याला विचारून सांगतो."

तो वारा वाळवंटातून निघतो
आणि कहोन घाटात शिरला की
त्याच्या अंगात येतं.
सिमेंटच्या ट्रकला नुसता खांदा मारतो.
गाद्यांच्या ट्रकला
आडवं निजवतो.

बुधवारी रात्री नऊला निरोप आला:
आज उतरत नाही.
एवढंच. सॉरी नाही, कारण नाही.
निम्म्या दराचा हो अजून जागा होता.
त्याचा नंबर मी काढला,
दिवा मालवला, परत लावला,
आणि नाही फिरवला.

वारा आलाच नाही.

पहाटे तीनला मी खिडकी उघडून उभी होते.
समोरच्या पामची झावळीसुद्धा हलत नव्हती.
घाटातून दिव्यांची माळ शांतपणे उतरत होती,
जो निघाला तो पोचत होता.
सत्त्याऐंशी नंबरचं दार
साडेपाचला उघडलं असेल,
सहाला मिटलं असेल.

मरिसेला ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिने एक फोटो पाठवला.
एका पॅलेटचं प्लास्टिक फाडलेलं,
आणि वर चढून, पाय ताणून,
तिचा म्हातारा कुत्रा गाढ झोपलेला.
खाली लिहिलं होतं:
याला तरी वेळेत मिळाली.

त्या दिवशी मी कोणाचाच फोन घेतला नाही.
म्हणजे घेतले, सगळे घेतले,
पण काय बोलले ते आठवत नाही.

आज सोमवार. नवं दार, बेचाळीस.
तेच तीन नंबर समोर.
मरिसेलाने विचारलंय, या वेळी कोण?
तिला काय सांगायचं
ते अजून जुळवते आहे.
या धंद्यात हो सगळ्यात स्वस्त मिळतो, असं काहीतरी,
पण ते फोटोखाली लिहिता येत नाही.

नंबर फिरवते.
आधी रेडिओ, मग तो.
काय म्हणतोय? मी विचारते.

"अजून उठलेला नाही,"
एलिसेओ म्हणतो,
हळू आवाजात,
जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय.