वर्षगाठ

पंचवीस जानेवारीच्या रात्री
शाळेच्या ओट्यावर दोरी घेऊन बसतो.
एका हिसक्यात सुटली पाहिजे गाठ,
हिसक्याआधी सुटता कामा नये.
एकतीस वर्षांत एकदाच अडकली,
सभापती आले होते तेव्हा.
सगळे सलामीत, आणि फुलं आतल्या आत.
निवृत्त झालो, तरी गाठीसाठी मलाच बोलावतात.

बोरीकडून वारा येतो. पऱ्हाट्या पेटवल्यात.

शाळेत नाव घातलं तेव्हा
चौधरी गुरुजींनी मायला विचारलं, जन्म कधीचा?
माय म्हणाली, 'आखाजीना तीन दिन पहिले,
काई गाय व्यायनी त्या साले.'
गुरुजींनी टाक बुडवला, लिहिलं: एक जून.
वर्गात एकोणीस जण एक जूनचे.
धुडकू, उखा, पिंजाऱ्यांचा शब्बीर,
एकोणीस माया एकाच दिवशी बाळंत,
आणि सुईण म्हणजे धोतर नेसलेले गुरुजी!

हेच गुरुजी मग चौथीत सांगायचे:
पंधरा ऑगस्ट साहेबाच्या टाकातून उतरला.
आपली तारीख आधीच ठरली होती, सव्वीस जानेवारी;
स्वातंत्र्य नव्हतं, तरी दरवर्षी
लोक पारावर जमून शपथ घ्यायचे.
(गुरुजींनीही घेतली, पोरवयात,
घरी येऊन बापाचा मार खाल्ला.)
मग राज्यघटना मंजूर झाली नोव्हेंबरात,
आणि देश दोन महिने थांबला,
घरच्या तारखेसाठी.

माझ्या कागदांवर सगळीकडे एक जून.
त्या दिवशी बँकेचा मेसेज येतो, शुभेच्छांचा.
माय मात्र आखाजीच्या तीन दिवस आधी
खापरावर एकच मांडा करायची,
तूप जरा जास्त,
का ते कधी बोलायची नाही.
ती गेल्यावर
तो दिवस मी पंचांगात बोटानं शोधतो.

पवारांची सहावीतली मुलगी विचारते,
'काका, ऑगस्टमध्ये झेंडा खालून वर नेता,
उद्या आधीच वर का बांधायचा?'
मी म्हणतो, अगं, तो वरच असतो या दिवशी,
आपण नुसता उलगडायचा.
खरं कारण कुठल्यातरी परिपत्रकात असेल.

ती ओंजळभर शेवंती पुढं करते.
किती घालू?
घाल, मावतील तेवढी.

दोरी ओढून बघतो.
सुटली.
परत मारतो.