मीठ

स्विंडनच्या गोदामात कॅलमनं
अख्खं पॅलेट उलटं लावलं.
त्याला बाजूला घेऊन म्हटलं,
थर सरळ लागलेत तुझे, हात बसलाय.
फक्त खोक्यावरचा बाण बघत जा.
त्याचे कान लाल झाले, मग हसला.

घरी अण्णांनी आमटी केलेली.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच,
आई गेल्यानंतरच्या मार्चमध्ये.
चष्म्यावर वाफ, शर्टावर हळद.
मी एक भुरका घेतला आणि म्हटलं,
मीठ.

एवढंच. त्यांच्याच आवाजात,
ज्यात मला विचारलं होतं,
दोन मार्क कुठे गेले?

ते उठून मीठ घेऊन आले.

रात्री दिवा न लावता
ओट्याशी उभ्यानं गार आमटी खाल्ली,
पातेलं बोटानं पुसून.
सकाळी कामावरच्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं:
मोहरी नीट तडतडू दिलीत, घाई केली नाहीत.
फ्रिजवर चिकटवली. निघाले. उशीरच झाला होता.

परतले तेव्हा चिठ्ठी जागेवर नव्हती.
अण्णा त्याबद्दल बोलले नाहीत,
वाटी पुढे सरकवली.
मीठ आजही कमीच.
मोहरी मात्र
पार गेटापासून ऐकू येत होती.