काटा

एदेल्मिरा ओयार्सो काट्यावर पाठमोरी उभी राहते.
"आकडा तुम्ही बघा," म्हणते, "मला सांगू नका."
मी बघते. लिहिते. सांगत नाही.
एकशे अठरा.
बाहेर पुन्ता अरेनासचा वारा
दवाखान्याचा पत्रा नखानं उचकटत असतो.

सामुद्रधुनीच्या धक्क्यावर ती बोटीची तिकिटं फाडते.
दोन वर्षं झाली, गर्दी नसतानाही श्वास पुरत नाही,
सुटे पैसे मोजताना बोटं चुकतात,
आणि पहाटे तीनला छातीतून कोणीतरी
नांगराची साखळी खडखडत ओढून नेतं.
मग ती उठते, उरलेला पाव खाते,
उभ्यानंच,
दिवा न लावता.

माझ्या आधीच्या डॉक्टरनं तिला झोप दिली होती.
मिर्टाझापिन. छान, गाढ, उसनी झोप,
आणि दहा महिन्यांत चौदा किलो व्याज.
एके दिवशी तिनं उरलेल्या गोळ्या धक्क्यावरून पाण्यात टाकल्या.
"मासे तरी झोपोत," म्हणाली.

आता माझ्याकडे बारा मिनिटं आहेत
आणि एक यादी, जिच्यातलं प्रत्येक नाव
एका हातानं देतं, दुसऱ्या हातानं मागतं.
पॅरोक्सेटिन: जीव शांत, कंबर अशांत.
प्रीगाबालिन: रडगाणं तेच, कॅप्सूलचा रंग वेगळा.
ब्युप्रोपिऑन भूक मारतं खरं,
पण निजलेल्या भीतीच्या शेपटीवर पाय पडू शकतो.
व्हेनलाफॅक्सिन नको, तिचा रक्तदाब
आधीच शिडी चढून बसलाय.
लोराझेपाम? ती रात्री घोरते, घोरता घोरता थांबते,
आणि शेजारी तिचा नवरा ओनोफ्रे मोजत राहतो,
सात, आठ, नऊ...
त्या थांबण्यावर मी आणखी अंधार ओतणार नाही.
राहिली ती नवी इंजेक्शनं, आठवड्याला एक,
भुकेचा आवाज बारीक करणारी.
त्यांच्या किमतीत तिचं अख्खं घर
महिनाभर मेंढीचं मटण खाईल.

मी म्हणते, वजन थोडं उतरलं
तर श्वासही कदाचित
ती हात वर करते, वाहनं थांबवावीत तसा.

"डॉक्टर, नोव्हेंबरात वारा चढतो,
नगरपालिका चौकात दोर बांधते.
शाळेतल्या पोरी दोर सोडून माझ्याकडे धावतात.
या हाताला तीन, त्या हाताला तीन, मध्ये मी.
आम्ही रस्ता ओलांडतो.
दिवसातली तेवढीच चार मिनिटं मला भीती वाटत नाही.
मला हलकं करा,
पण हलकं करू नका."

शिकले त्या कुठल्याच पुस्तकात
या वाक्याची मात्रा दिलेली नव्हती.

शेवटी सर्ट्रालिन लिहिते. पंचवीस, सकाळी, पोटात काही असताना.
सांगते, पहिले दोन आठवडे मळमळेल,
धडधड कमी व्हायच्या आधी वाढेलही,
तेव्हा माशांना देऊ नका, मला फोन करा.
झोपेच्या तपासणीची चिठ्ठी देते, रांग सात महिन्यांची.
पावाबद्दल एवढंच:
दिवा लावा. खुर्चीवर बसा. मग खा.
ती माझ्याकडे बघते, प्रथमच, सरळ.
"एवढंच?"
एवढंच.

"आणि वजन? वाढेल?"
"बहुतेक नाही."
ते 'बहुतेक' ती चिमटीत धरून
उजेडाकडे नेते, खोटं नाणं तपासावं तसं,
आणि खिशात टाकते.

भिंतीवरचा काटा वीस मिनिटं पुढे गेलेला.
बाहेरचं दार वाऱ्यानं दाबून धरलेलं.
तिनं खांदा लावला.
माझ्या टेबलावरचे कागद उडाले, एकूण एक,
आणि तिच्या काखेखालून वाकून
पुढचा पेशंट, काटकुळा म्हातारा,
टोपी सावरत आत आला.