बर्फ

कॉडच्या खोक्यातला बर्फ मी चोरून खायचे,
कडाकड, दाढांखाली,
खारट, माशांचा वास असलेला.
हानुस म्हणे, समुद्र संपवशील एक दिवस.

आतड्याचं दुखणं जुनं. ते अंगवळणी पडलेलं,
कारखान्यातली शौचालयं पाठ.
पण क्लाक्सविकचा आमच्या घराचा चढ
अलीकडे दोनदा खाली बसवायचा.

लोहाच्या गोळ्या झाल्या होत्या मागे.
पोटाने त्या परत केल्या, काळ्या, रागाने.
नंतरचा रिपोर्ट म्हणाला, साठा ठीक.

नवी डॉक्टर मार्युन रिपोर्ट बाजूला ठेवून
माझ्या नखांकडे बघत बसली.
"बर्फ खातेस का गं?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
चोरी पकडल्यागत मान खाली गेली.
"आतून सूज असली," ती म्हणाली,
"की हा आकडाही सुजतो."

मग खिडकीशी खुर्ची, दंडाला नळी,
गंजलेल्या नांगराच्या पाण्यासारखं
तपकिरी लोखंड, थेंबाथेंबाने.
हानुस बाहेर बोटी मोजत होता, चुकत होता.

चौथ्या आठवड्यात, खोकी रचताना,
सवयीने मूठभर बर्फ घेतला.
नुसताच गार लागला.