लाल पेन्सिलीबाहेर

खांबेटेकाकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत
वर्तमानपत्राचे साडेतीनशे फोटो, उदबत्तीच्या खोक्यांतून.
एकाच्या पाठीवर जांभळ्या शाईत:
जुनी इंदूर, सन ५४. दोन कॉलम. उद्या.
उद्या म्हणजे कुठला वार, आता कोण सांगणार.

समोर नव्या नळाची पूजा.
टोपीवाले सहाजण, नारळ, हार,
आणि पाण्याची पहिली धार, जी पडतच नाही,
तोटीखाली लोंबकळतेय सत्तर वर्षं.

भोवती लाल पेन्सिलीची चौकट: एवढंच छापा.
एवढंच छापलं असणार,
आणि आठवड्याभरात सियागंजातल्या कुणी
त्यात पावशेर जिरं बांधून दिलं असणार.

मी चौकटीबाहेर बघतो.
टांग्याची अर्धी घोडी.
पाळी सुटून आलेला मिलवाला, भुवयांवर कापूस.
बायकांच्या आधी येऊन रांगेत बसलेले हंडे.
अगदी कोपऱ्यात, कुणाच्या तरी अंगठ्याच्या ठशाखाली
परकर खोचून, सायकलचं हँडल धरून
हसतेय
आमची शकूआत्या.

शकूआत्या, जिनं बत्तीस वर्षं
रामबागेतल्या शाळेत गणित शिकवलं,
जी म्हणायची, मला कुठली गं बाई सायकल,
आमच्या घरात असलं चालायचं नाही.

सायकल पुरुषी आहे. दांडीची.
धरणारा चौकटीच्याच काय, फोटोच्याही बाहेर.
त्याची फक्त सावली, कमरेपर्यंत.

रविवारी फोटो तिच्यापुढे ठेवला.
भिंग हलवत हलवत ती बराच वेळ फिरली त्या गल्लीत.
मग म्हणाली,
ही मुनीरखांची घोडी.
डाव्या डोळ्यानं आंधळी होती,
पण घर कधी चुकली नाही.

आणि भिंग पुसायला घेतलं.